वेंगुर्ल्याहून आणलेल्या गोळ्या

औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला गावातल्या दोन बातम्या सगळ्यांच्या आधी कळतात. कोणाला मूळव्याध झाली आणि कोणाच्या घरी पाळणा हलणार. मालवणच्या बाजारात बसून मी एकतीस वर्षं असल्या बातम्या पोटात ठेवल्या. दुकान काढलं माझ्या यजमानांनी, पण फार्मसीची पदविका माझी. त्यामुळे भिंतीवरच्या परवान्यात माझं नाव आणि गल्ल्यावर ते, अशी आमची वाटणी होती. त्यांना सगळा गाव भाऊ म्हणायचा, म्हणून मी आपोआप सगळ्या गावाची वयनी, म्हणजे वहिनी, झाले. माझ्या वडिलांच्या वयाचे लोकही मला वयनीच म्हणत. भाऊ गेल्यावर मी आणखी नऊ वर्षं दुकान रेटलं. शेवटी गुडघ्यांनी नोटीस दिली आणि दुकान विकून टाकलं.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, विनोदी गिऱ्हाइकांबद्दल लिहा. तशी गिऱ्हाइकं पुष्कळ होती. धामापूरकडचे एक निवृत्त गुरुजी डॉक्टरांनी लिहून दिलेली कुठलीही नवी गोळी घेण्याआधी देवाला कौल लावायचे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे मोठ्या कामाआधी देवाच्या मूर्तीवर पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरुजींच्या रक्तदाबाच्या गोळीला देवाने डावा कौल दिला आणि गुरुजी पुडकं परत घेऊन दुकानात आले. चेहरा असा, जणू मीच देवाला फितवलं होतं. मी त्यांना बाकावर बसवलं, डॉक्टरांना फोन लावला आणि तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं. म्हटलं, आता या नावाने विचारा. देवाने उजवा दिला. गुरुजींनी ती गोळी शेवटपर्यंत घेतली आणि 'देवाने निवडलेली' म्हणून चारचौघांत तिचं कौतुक केलं. मी गप्प बसले. औषध पोटात गेल्याशी मतलब.

पण आज मला गुरुजींबद्दल लिहायचं नाही. संपादकांची माफी मागून सांगते, आज लिहायचं आहे ते माझ्या हातून झालेल्या एका गोष्टीबद्दल. ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही, आणि घरात सांगायला कोणी नाही.

आधी आमच्या कामाची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक बायकांना वाचता येत नसे. अशांना गोळ्या सुट्या कापून कागदी पाकिटात घालून द्याव्या लागत. त्या पाकिटावर मी औषधाचं नाव लिहायची आणि खाली चित्र काढायची. सकाळी घ्यायची असेल तर उगवता सूर्य, रात्रीची असेल तर चंद्रकोर. आणि एखादी गोळी एकही दिवस चुकवायची नाही अशी असेल, तर चित्राभोवती लाल पेनाने एक कडं. माझं कडं सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. खोकल्याच्या, पित्ताच्या गोळ्यांना ते कधी मिळत नसे. हृदयाची, फिट्सची, साखरेची, अशा मोजक्या गोळ्यांचा तो मान होता.

रतनच्या पाकिटावर असं कडं होतं. रतन तारकर्लीची. पहाटे नवऱ्याच्या होडीवरची मासळी टोपलीत भरून मालवणच्या बाजारात येते, बसते, विकते आणि दुपारी परत जाते. सहा वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक, म्हणजे रेडिएशन, झाले. सगळं गोव्याला. त्यानंतर डॉक्टरांनी रोज एक गोळी पाच वर्षं घ्यायला सांगितली. ती गोळी मी तिला महिन्याच्या महिन्याला सूर्य आणि लाल कडं काढून देत असे. पाकीट संपलं की ते घडी घालून परत आणायची आणि म्हणायची, बघ, एकव दिवस चुकाक नाय. शाळेतली मुलगी गृहपाठ दाखवते तशी. मला तिचा अभिमान वाटायचा, आणि खरं सांगायचं तर स्वतःचाही.

उपचार संपल्यावर तीनेक महिन्यांनी ती एक कागद घेऊन आली. मुंबईला नोकरी करणाऱ्या पुतण्याने अँटिऑक्सिडंट कॅप्सूलचं नाव लिहून दिलं होतं. ती घेतली की आजार परत येत नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. मला हे नाव नवं नव्हतं. कंपनीचे एमआर, म्हणजे औषधं खपवणारे प्रतिनिधी, येऊन आम्हाला कापलेल्या सफरचंदाची चित्रं दाखवायचे. सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं, शरीराच्या पेशी तशाच गंजतात, आणि आमची कॅप्सूल तो गंज थांबवते. ऐकायला इतकं सोपं वाटायचं की खोटं असेल असं मनात येत नसे.

मी त्या विषयावर वाचलेलं होतं, डॉक्टरांना विचारलेलंही होतं. फळं, भाज्या यांतून हे पदार्थ पोटात जातात ते चांगलंच. पण तेच पदार्थ दाबून भरलेल्या कॅप्सूलनी कॅन्सर परत यायचा थांबतो, असं काही सिद्ध झालेलं नाही. उलट काही प्रकार मोठ्या मात्रेत घेतले तर अपाय होऊ शकतो, उपचार चालू असताना तर आणखी जपायला हवं, आणि डॉक्टरांना न विचारता असलं काही घेऊ नये. हे सगळं मी रतनला मालवणीत समजावून सांगितलं. काउंटरवर कोपरं टेकून, चष्मा कपाळावर चढवून. तुझी कड्याची गोळी तेवढी चुकवू नको, भाजी खा, आवळा खा, आणि टोपलीतली सगळी चांगली मासळी विकून स्वतः उरलेली खाऊ नको, असंही सांगितलं. तिने कागद तिथेच चुरगाळला. वयनीन सांगल्यान मगे झाला, एवढं म्हणून गेली. त्या दिवशी मी घरी जाऊन भाऊंच्या फोटोसमोर उभी राहून सांगितलं, आज एका बाईला फसण्यापासून वाचवलं.

दुकान विकल्यावर वर्षाच्या आत मला स्वतःला तोच आजार निघाला. त्याच बाजूला, तेवढीच गाठ. मुलगी पुण्याहून आली, आठ महिने रजा आणि घरून काम असं करत राहिली. घर माणसांनी भरून गेलं. शेजारपाजारचे डबे यायचे, दुकानातली जुनी गिऱ्हाइकं शहाळी घेऊन यायची, मानलेले भाचे गाडी घेऊन गोव्याला न्यायचे. मी मनात म्हणायची, एवढी माणसं आपण कधी जोडली? शेवटचा शेक झाला त्या दिवशी डॉक्टर हसून म्हणाले, आता तीन महिन्यांनी या. मी त्या खुर्चीतून उठलेच नाही थोडा वेळ. इतके दिवस रोज कोणीतरी माझ्या शरीराला काहीतरी करत होतं, आणि आता कोणीच काही करणार नव्हतं. तीन महिने नुसतं घरी बसून काय करायचं असतं, ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

मुलगी परत गेली. तिचंही आयुष्य आहे. शेजाऱ्यांचे डबे बंद झाले, कारण मी बरी झाले होते. भेटणारा प्रत्येक जण 'आता बरी दिसतंस' म्हणून पुढे जायचा आणि मी मान हलवायची. सकाळी सहाला जाग आली की हात आपोआप काखेत जायचा, चाचपायचा. मग मी उठून चहा करायची. दिवसभरात मला कोणी काही विचारलं तर ते म्हणजे दूधवाला, अर्धा की एक. मी एकतीस वर्षं माणसांत उभी राहिलेली बाई. मला हे सोसवेना.

एक दिवस मी एसटीत बसून वेंगुर्ल्याला गेले. मालवणात ते विकत घ्यायची लाज वाटली. ओळखीच्या गुत्त्यात कसं जावं म्हणून परगावच्या गुत्त्यात जाणाऱ्या माणसासारखी मी पदर डोक्यावर घेऊन त्या दुकानात शिरले. काउंटरवरच्या बाईंनी मला ओळखलं नाही. अँटिऑक्सिडंट द्या म्हटलं, तर त्यांनी मला सफरचंदाची गोष्ट सांगितली. मी पहिल्यांदाच ऐकतेय अशा चेहऱ्याने सगळी ऐकली आणि बाटली पिशवीत घातली.

घरी येऊन बाटली उघडली, कॅप्सूल कागदी पाकिटात ओतल्या आणि बाटली कचऱ्यात खाली दडपली. शेजारणींना वाचता येतं ना. केमोनंतर मला फार विसरायला व्हायचं, त्यामुळे सवयीने पाकिटावर नाव लिहिलं, सूर्य काढला. आणि लाल पेन हाताशी होतं. कडं काढताना हात जरासुद्धा अडखळला नाही, हे मी कबूल करते.

सकाळी चहानंतर ती कॅप्सूल गिळली की दिवस सुरू झाल्यासारखं वाटायचं. आपण काहीतरी करतोय असं वाटायचं. तीन महिन्यांनी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही औषध चालू आहे का? मी सरळ नाही म्हणाले. आयुष्यभर गिऱ्हाइकांना 'डॉक्टरांपासून काही लपवू नका' म्हणून दम देणारी मी.

या सगळ्या काळात एकच माणूस माझ्याकडे न चुकता यायचं, ते म्हणजे रतन. बुधवारी आणि शुक्रवारी बाजार आटोपला की टोपली घेऊन मागच्या दारी यायची. आजाऱ्याला मुडदुशे मासे पचायला हलके म्हणून माझ्यासाठी बाजूला काढलेले असायचे. ती ते विहिरीवर साफ करून द्यायची, मग पायरीवर बसून आम्ही चहा घ्यायचो. आजारावर फारसं बोलणं होत नसे. तिच्या सुनेच्या तक्रारी, तारकर्लीच्या पर्यटकांचे कपडे, कोणाच्या जाळ्यात काय आलं. केस गेलेले असताना तिने एकदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता आणि म्हणाली होती, माझे इले, तुझेव येतले. आठवड्यातले ते दोन तास सोडले तर उरलेला आठवडा मी नुसता ढकलत होते.

एका शुक्रवारी माझी कंबर धरली होती. रतन म्हणाली, तू बस, चाय मी करतंय. ती आत गेली आणि साखरेचा डबा शोधता शोधता फडताळातलं पाकीट तिच्या हाताला लागलं. ते घेऊन ती बाहेर आली. हात ओलेच होते.

"वयनी, ह्या कोणाचा?"

"माझा," मी म्हटलं. 

"ह्येच्यार तांबडा कडा आसा. चुकवचा नाय ता." तिने पाकीट उजेडात धरलं. नाव तिला वाचता येत नव्हतं, पण कडं वाचायला मीच शिकवलं होतं. "डाक्टरान नवी गोळी दिल्यान?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. पण दुकान होतं तोवर दर महिन्याला तिने मला रिकामी पाकिटं आणून दाखवली होती. मी सांगितलं, तुझ्या मुंबईच्या पुतण्याने लिहून दिली होती, तसलीच ही गोळी. तिने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"माका नको म्हटलंस."

"नकोच ती. तिचो काय उपयोग नाय, रतन."

"मगे तू कित्या खातंस?"

"भीती वाटता म्हणान."

"माकाय वाटत होती," ती म्हणाली. "तेव्हा तू माका भाजी खा म्हणान सांगलंस."

मी उठायला गेले तर कंबरेत कळ आली आणि परत बसले. मी पुष्कळ बोलले. गोळी कुचकामी आहे, मीच मूर्खपणा केला, तुला सांगितलं तेच खरं होतं. जितकं बोलत गेले तितका तिचा चेहरा बंद होत गेला. तिच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. औषधं विकणारी बाई स्वतःला लाल कड्याची गोळी देते आणि मासळी विकणारीला भाजी खायला सांगते, याचा दुसरा अर्थ काय निघणार? चांगलं ते वयनीने आपल्यासाठी ठेवलं. रतनने चहा गाळून माझ्यापुढे ठेवला, स्वतः घेतला नाही, टोपली उचलली आणि गेली. आत जाऊन पाहिलं तर कॅप्सूल एका बशीत ओतून ठेवलेल्या होत्या. मला वाटलं रागाने ओतल्या.

पुढच्या बुधवारी ती आली नाही. शुक्रवारीही नाही. असे दोन महिने गेले. मी मागचं दार उघडं टाकून पायरीवर बसून राहायची. मांजर येऊन बसायचं आणि कंटाळून निघून जायचं. भाऊ गेले तेव्हा दुकान होतं, आजारात मुलगी होती, पण त्या दोन महिन्यांत मी जितकी एकटी पडले तितकी आयुष्यात कधी नव्हते. आणि त्याचा दोष मी दुसऱ्या कोणाला देऊ शकत नव्हते.

पुढच्या तपासणीला मी गोव्याला एकटीच गेले आणि डॉक्टरांच्या टेबलावर कॅप्सूल काढून ठेवल्या. त्यांनी माझे रिपोर्ट पाहिले, ते चांगले होते. मग ते शांतपणे तेच बोलले जे मी काउंटरवर बोलत आले होते. फायदा सिद्ध नाही, काहींचा अपाय होऊ शकतो, बंद करा, नीट जेवा, चाला. आधी का नाही सांगितलंत, असं विचारलं. लाज वाटली म्हटलं. ते म्हणाले, बरेच पेशंट लपवतात. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, घरी कोण असतं? मी म्हटलं, मी असते.

त्या दिवसापासून कॅप्सूल बंद केल्या. आता रतनला जाऊन सांगायचं असं मी ठरवलं. म्हटलं, डॉक्टरांचं नाव सांगितलं तर पटेल. बाजारात जाताना वाटेत माझं जुनं दुकान लागतं. ज्यांनी ते विकत घेतलं ते गृहस्थ मला पाहून खाली उतरले आणि मोठ्या आनंदाने म्हणाले, वयनीनू, तुमची ती तारकर्लीची रतन येता हा आमच्याकडे. मला कळेना. ते म्हणाले, ती एक रिकामं पाकीट घेऊन आली होती, त्यावर औषधाचं नाव होतं. दुकानात ते नव्हतं, म्हणून त्यांनी मुद्दाम मागवून घेतलं. आता दर महिन्याला एक बाटली नेते.

"तुमचा अक्षर म्हटल्यार चिठ्ठी कित्या होयी?" ते म्हणाले.

गोळ्या तिने रागाने ओतल्या नव्हत्या. तिला पाकीट हवं होतं. ते कमरेला खोचून ती माझ्याच दुकानात गेली आणि माझंच अक्षर दाखवून तिने ती बाटली घेतली. एकतीस वर्षांत माझ्या अक्षरावर कोणी शंका घेतली नव्हती, याचा मला किती अभिमान होता. मी त्या गृहस्थांना हात जोडून सांगितलं, तिला पुन्हा देऊ नका, आधी तिच्या डॉक्टरांना विचारू द्या. ते बरं म्हणाले. पण बाजारात औषधाची दुकानं बरीच आहेत आणि नाव तिला आता पाठ झालं असणार.

मासळी बाजारात रतन तिच्या जागेवर होती. पुढ्यात बांगडे, बाजूला थोडे मुडदुशे. मला बघून तिने पाट सरकवून बसायला जागा केली. राग दिसला नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिथेच बसून सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, मी त्यांच्यापाशी खोटं कसं बोलले, आता गोळ्या कशा बंद केल्या. तुझी बाटली घेऊन गोव्याला जा आणि तुझ्या डॉक्टरांना दाखव, तुझी रोजची गोळी चालू असताना ही बरोबर घ्यायची की नाही ते ते सांगतील, एवढं तरी कर म्हटलं. ती मध्येच एका गिऱ्हाइकाला बांगडे देऊन आली. दाखवीन, म्हणाली. दाखवील असं मला वाटलं नाही.

मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"तू बंद केलंस मां? मगे आता बरा वाटता?"

इथेही खोटं बोलता आलं असतं, आणि या वेळी ते तिच्या भल्याचं ठरलं असतं. हो, छान वाटतं, एवढं म्हटलं असतं तर कदाचित तिने बाटली टाकली असती. पण तिच्यापाशी आता मला खोटं बोलायचं नव्हतं.

"नाय गो," मी म्हटलं. "भीती वाटता. सकाळची जास्त."

रतनने सुरी पाण्यात बुडवून पुसली.

"माकाय वाटता," ती म्हणाली. "पण माझ्याकडे बाटली आसा."

 तिने मुडदुशे माझ्या पिशवीत घातले आणि समोर उभ्या असलेल्या बाईला भाव सांगायला लागली. मी गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि घरी जाऊन ते स्वतः साफ केले.